बरगडीकडची बाजू

सायराकानच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या मोहल्ल्यात कुणाला सांगावं लागत नसे. कुणाच्या घरी मुलगा झाला की बापाच्या आधी तिला कळायचं, आणि तिला कळलं की बापाला कळायलाही फार वेळ लागायचा नाही. डोक्यावरचा रुमाल सावरत, चपला फटफट वाजवत ती त्याच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "सुयुंचू." हा शब्द कानावर पडला की आमच्याकडे माणसाने काय झालं असं विचारायचं नसतं. आधी खिशात हात घालायचा, खिसा रिकामा असेल तर अंगावरचं काहीतरी उतरवून द्यायचं, आणि मग बातमी ऐकायची; या देण्यालाही सुयुंचूच म्हणतात. चांगली बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर बातमी रुसून परत जाते, असं म्हातारी माणसं सांगतात.

आता अशा बाईला अल्लाने नोकरी कुठे द्यावी? तर गाठींच्या हॉस्पिटलात. तिथे आनंदाची बातमी म्हणजे वाळवंटातली गवताची काडी.

ती तिथे एक्स-रेच्या खोलीत होती. किरणांनी बाईची कूस सुकते असं ऐकून आधीच्या दोघी नोकरी सोडून पळाल्या होत्या. सायराकानला तेव्हा तिसरा मुलगा झालेला. "सुकू दे की," ती मुलाखतीलाच म्हणाली म्हणतात, "चौथ्याला निजवायला घरात जागा कुठाय?" नोकरी मिळाली. कूस सुकली की नाही ते तिलाच माहीत, पण चौथा झाला नाही आणि तिने त्याचं श्रेय मशीनला दिलं.

तिच्या कामातलं एक काम वेगळं होतं. वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर बाई निजलेली असायची, भूल चढलेली, छाती उघडी. गाठ काढताना सर्जन नुसती गाठ काढत नाही. डागाळलेलं जर्दाळू कापताना आपण सुरी डागाच्या बाहेरून फिरवतो, तसं तो भोवतालचं चांगलं मांसही थोडं सोबत घेतो. सुरी पुरेशी बाहेरून गेली का, एवढाच प्रश्न असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी सुटत नाही. म्हणून तो तुकडा झाकणाच्या भांड्यातून खाली सायराकानकडे यायचा. ती त्याचा फोटो काढायची, आणि वर सगळे हात वर धरून थांबायचे. फोटोत गाठीचे दाणे मिठासारखे पांढरे दिसतात. मीठ मधोमध असलं आणि भोवती काळी मोकळी किनार असली की सुटलो. मीठ कडेला आलं की सर्जन त्या बाजूने आणखी कापतो.

पण कुठली बाजू ते कळायला हवं. म्हणून सर्जन तुकड्याला खुणा करून पाठवायचा. डोक्याच्या बाजूला काळा दोरा, काखेच्या बाजूला पांढरा, आणि मागे, बरगडीच्या बाजूला, धातूची बारीक क्लिप. फोटो दोन काढायचे. तुकडा ठेवला आहे तसा एक, आणि कुशीवर वळवून एक. पहिल्यात वर-खाली आणि डावं-उजवं दिसतं. पुढचं आणि मागचं पाहायचं तर वळवल्याशिवाय इलाज नाही.

एक्स-रेची खोली आणि जिना यांच्यामध्ये एक लांब व्हरांडा होता. लिफ्ट होती, पण तिच्यात बादल्या आणि खराटे राहायचे. व्हरांड्यातल्या बाकावर नातेवाईक बसायचे. भांडं घेऊन जाणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बाकावरची माणसं कशी बघतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी सांगून उपयोग नाही. सायराकानला ते सहन होईना. एकदा फोटो स्वच्छ आला, डॉक्टर वरून "शिवतो आता" म्हणाले, आणि खाली येताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सुयुंचू." बाकावरच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली आणि उघड्या डोक्याने रडत बसला. तेव्हापासून हे सुरू झालं. तिच्या घरची पेटी रुमालांनी भरली. नवीन रुमाल ती वापरायची नाही, ज्यांच्या घरी वाईट झालं त्यांना देऊन टाकायची.

सर्जन काल्मुरात डॉक्टर तिला चिडवायचे. "एजे, कापतो मी आणि बक्षीस तुम्हाला."

एजे म्हणजे आमच्याकडे ताई. डॉक्टर वयाने तिच्याहून लहान होते.

"कसायाला कुणी बक्षीस देतं का, डॉक्टर?" ती म्हणायची. "बक्षीस असतं ते पाहुण्यांना वाढणाऱ्याला."

डॉक्टर हसायचे, पण त्यांनी एक अट घातली होती. दोन्ही फोटो मी पाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि त्यानंतरही लोकांना सांगायचं की पक्कं काय ते प्रयोगशाळेतूनच येईल. सायराकानने ही अट पाळली. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिने जिना चढून-उतरून होईपर्यंत बातमी दातांमागे धरून ठेवायची म्हणजे काय, हे तिच्या जागेवर जाऊनच कळेल. आणि फोटो वाईट असला की ती भांड्याकडे बघत बाकासमोरून जायची. लोकांना तेवढं पुरायचं.

तर अशी सायराकान. आता तिची जाऊ.

कानिशाय तिच्या धाकट्या दिराची, सामातची बायको. सामात रशियात इमारतींच्या बांधकामावर, आणि ही इकडे बस स्टँडसमोर तंदूर लावून मांसाचे समसे विकायची. स्टँडवर तिच्या समशांइतकीच तिच्या जिभेची ख्याती होती. कुणी म्हणालं, यात मांस कमी आहे, तर ती म्हणायची, "बकरी माझ्यासारखी होती, नवरा परदेशी. वाळली बिचारी." सायराकान आणि ती एकाच अंगणात राहायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एकमेकींना टोमणे मारायच्या. दोघींच्या मधे सासू उल्कान-आपा. ती दोघींनाही बोलायची, पण ज्या दिवशी बोलायची नाही त्या दिवशी दोघी घाबरायच्या.

एका सकाळी पीठ मळता मळता कानिशाय थांबली. "एजे, जरा इकडे ये. इथे हात लाव."

सायराकानने हात लावला. डाव्या बाजूला, खाली, खोल.

"काय आहे? बटाटा?" कानिशाय म्हणाली.

"हात धू," सायराकान म्हणाली. "आणि कोट घाल."

"पीठ वाळेल ना."

"वाळू दे."

फोटोत मीठ दिसलं. सुईने तुकडा काढला, प्रयोगशाळेने नाव दिलं, आणि तारीख ठरली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: गाठ अजून लहान आहे, तेवढीच काढून छाती ठेवता येईल, मग किरणांचा उपचार घ्यायचा. पण आत गेल्यावर ती पसरलेली दिसली तर सगळी काढावी लागेल.

कानिशायने ऐकून घेतलं. "डॉक्टर, माझा नवरा पानगळीला येणार. त्याला अर्धीच बायको सापडली तर तो विचारेल, बाकीची कुठे विकलीस?"

डॉक्टर हसले नाहीत. "फोटो स्वच्छ आला तर ठेवतो. नाही आला तर बाहेर येऊन तुमच्या सासूबाईंना विचारतो, मगच पुढे. चालेल?"

आमच्याकडे सुनेच्या अंगाचा निर्णय घर घेतं. चांगलं की वाईट ते मला विचारू नका. डॉक्टर इथलेच होते, त्यांना माहीत होतं. उल्कान-आपाने मान डोलावली. "मी सून अख्खी आणली आहे, डॉक्टर."

"जीव अख्खा नेलात तरी पुष्कळ, आपा."

घरचं माणूस टेबलावर असताना सायराकानने फोटो काढू नये, असं डॉक्टर म्हणाले. मग कुणी काढावा, असं तिने विचारलं. दुसरं कुणी नव्हतंच. विषय तिथेच संपला.

हिवाळ्याचे दिवस होते. थंडीत सगळं शहर विजेच्या शेगड्या पेटवून बसतं आणि तारांमधली वीज पांगळी होते. सायराकानचं मशीन परदेशातून वापरलेलं आलेलं, वीज कमी झाली की हटून बसायचं, लाल दिवा लावायचं आणि हिरवा होईपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही.

भांडं आलं. तिने झाकण काढलं. रोज किती तुकडे पाहिले होते, पण या तुकड्याला हात लावताना तिला वाटलं, हा पीठ मळताना हलायचा. तिने काळा दोरा वर केला, पांढरा बाजूला, आणि पहिला फोटो काढला. पडद्यावर चित्र आलं. मधोमध चिमूटभर मीठ, आणि भोवती चहूकडे काळी रुंद किनार. इतकी सुंदर किनार तिने त्या वर्षात पाहिली नव्हती. तिने हात पुढे केला तुकडा वळवायला, आणि लाल दिवा लागला.

आता थांबणं आलं. वर जाऊ की नको करत ती दाराशी आली. दार पुरतं लागत नसे. फटीतून बाक दिसत होता. बाकावर उल्कान-आपा एकटीच होती. तिने कोटाची बटणं सोडली होती आणि कोटाच्या आत, पोटाशी, काहीतरी धरलं होतं. सायराकानने नीट पाहिलं. कानिशायच्या घरात घालायच्या सपाता होत्या. शुद्धीवर आल्यावर सुनेचे पाय गार जमिनीला लागू नयेत म्हणून म्हातारी त्या ऊब देत बसली होती. या म्हातारीने आयुष्यात दोन्ही सुनांना एक गोड शब्द बोलून दाखवला नव्हता.

सायराकानने दार उघडलं.

"सुयुंचू, आपा."

म्हातारीने आधी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग सपाता बाकावर ठेवल्या आणि उजव्या हाताच्या बोटातली अंगठी काढायला लागली. चांदीची, लाल खड्याची, तिच्या सासूने तिला घातलेली. ती सांध्यावर अडकली. म्हातारीने बोट तोंडात घालून ओलं केलं, अंगठी ओढून काढली आणि सायराकानच्या बोटात सरकवली. "स्वच्छ?"

"स्वच्छ, आपा."

मागे मशीनने टिक् केलं. हिरवा दिवा.

सायराकान आत गेली. अंगठीवरून हातमोजा चढवताना खडा टोचला. तिने तुकडा कुशीवर वळवला आणि दुसरा फोटो काढला. पडद्यावर धातूची क्लिप दिसली, ठळक. आणि मीठ तिला जाऊन भिडलं होतं. मधे काळं काही नव्हतंच. चटईच्या कडेवरून मीठ सांडावं तसं ते बरगडीकडच्या बाजूने थेट काठापर्यंत पसरलं होतं, आणि काठाच्या पलीकडचं अर्थातच या तुकड्यात नव्हतं. ते कानिशायमध्ये होतं.

ती दोन्ही फोटो घेऊन व्हरांड्यातून निघाली. भांड्याकडे बघत. बाकावर म्हातारी फोनवर बोलत होती, मोठ्याने, रशियापर्यंत आवाज पोचायला हवा म्हणून. "अरे स्वच्छ, स्वच्छ. तुझी वहिनी स्वतः बघून आली. ऑपरेशनसाठी काढलेलं तिकीट परत कर. काम पुरं कर, पानगळीला ये." तिने सायराकानला पाहून हात वर केला. सायराकान भांड्याकडे बघते आहे याचा अर्थ म्हातारीने लावला नाही. तिला बातमी आधीच मिळाली होती.

वर डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावले. "पहिला छान," ते म्हणाले, आणि दुसरा जवळ जाऊन पाहिला. "बरगडीकडे आहे." त्यांनी त्या बाजूने आणखी एक काप काढला. सायराकान तो घेऊन खाली गेली, परत आली. त्यातही मीठ होतं, आणि या खेपेला पसरून, ठिकठिकाणी. डॉक्टरांनी तोंडावरचा रुमाल गळ्यात ओढला आणि ते स्वतः जिना उतरले. सायराकान त्यांच्या मागोमाग.

"आपा," डॉक्टर म्हणाले, "सगळी काढावी लागतेय. आत्ताच काढली तर चांगलं."

उल्कान-आपा बसल्या जागेवरून उठली नाही. "कशाला?"

"मागच्या बाजूने पसरलंय."

"स्वच्छ आहे म्हणालात ना."

"कोण म्हणालं?"

म्हातारीने बोट दाखवलं नाही. तिने फक्त सायराकानच्या हाताकडे पाहिलं. मोजा काढल्यावर अंगठी दिसत होती. डॉक्टरांनीही पाहिली. ते इथलेच होते, त्यांना आणखी सांगावं लागलं नाही.

"एजे," ते हळू म्हणाले, "बोला."

आता इथे सायराकानने एवढंच म्हणायचं होतं, आपा, मी घाई केली, ही घ्या तुमची अंगठी. पण दिलेली सुयुंचू परत करणं म्हणजे बातमी परत करणं, आणि बातमी परत करणं म्हणजे आपल्याच तोंडाने वाईट ओढवून आणणं. आमच्याकडे हे लहान पोरही करत नाही. वर जाऊ उघडी पडलेली, समोर सासू, शेजारी डॉक्टर.

"पहिल्या फोटोत स्वच्छ होतं, आपा," ती म्हणाली.

"बघा," म्हातारी डॉक्टरांना म्हणाली.

"दुसऱ्याचं सांगा," डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्यात..." सायराकान म्हणाली, "थोडं आहे."

"थोडं तर माझ्यातही असेल," उल्कान-आपा म्हणाली. "या वयात कुणात नसतं? मी पोराला सांगून बसले. शिवून टाका."

डॉक्टर अजून बोलले. समजावलं, आवाज चढवला, मग उतरवला. वर भूल किती वेळ टिकणार होती ते त्यांनाच माहीत. म्हातारीने सपाता पुन्हा कोटात घेतल्या आणि बटणं लावली. डॉक्टर सायराकानकडे न बघता जिना चढून गेले. जिथवर सुरी नेता येत होती तिथवर त्यांनी नेली, बाकीचं ठेवलं आणि शिवलं. त्या दिवसानंतर त्यांनी तिला कमाईवरून कधी चिडवलं नाही.

प्रयोगशाळेतून जे आलं ते फोटोने आधीच सांगितलेलं होतं. पुन्हा कापायला हवं, मग राजधानीला जाऊन किरणं घ्यायला हवीत. पण तोवर मोहल्ल्यात खुशीचे नान वाटून झाले होते. सामातने तिकीट परत केलं होतं. शेजारणी येऊन कानिशायला "बरी झालीस" म्हणून गेल्या होत्या, आणि आमच्याकडे बरी झालेली बाई आजारी पडायला मोकळी नसते.

सायराकानने घरी विषय काढला. चहा ओतताना, सासूकडे पाठ करून. "आपा, डॉक्टर म्हणतात तेच खरं. मी त्या दिवशी अर्धंच बघून बोलले."

"तू आधी एक बोललीस, आता दुसरं बोलतेस," म्हातारी म्हणाली. "मी कुठल्या सायराकानचं धरू?"

सायराकानने बोटातली अंगठी पिळली. "मग ही घ्या."

"वेडी आहेस? दिलेली सुयुंचू कुणी घेतं का?" म्हातारीने तिची मूठ घट्ट मिटवली. "बोटात ठेव. काढूसुद्धा नकोस."

तिने ठेवली. काढायची म्हटलं तरी निघत नव्हती.

मग ती कानिशायशी बोलली. तंदूरापाशी, गिऱ्हाईक नसताना. सगळं सांगितलं, लाल दिव्यापासून "थोडं"पर्यंत. कानिशाय समशांना पाणी लावून तंदूराच्या आतल्या भिंतीला चिकटवत होती, कोपरापर्यंत हात आत घालून. हात बाहेर काढून तिने कपाळावरचा घाम पुसला.

"म्हणजे ती अंगठी माझी."

"तुझीच."

"मला वाटलंच. तू हल्ली टोमणे मारत नाहीस. मी म्हटलं, एक तर ही मरतेय नाहीतर मी."

"चल उद्या डॉक्टरांकडे. आपांना मी बघते."

"आपांना तू काय बघतेस, आपा तुला बघतात." ती तंदूरात वाकून बघत राहिली. "पानगळीला येईल तो. एकदा त्याला अख्खी दिसते. मग काय कापायचं ते कापा."

"तोवर फार उशीर होईल, कानिशाय."

"एजे, तू घाई केलीस तेव्हा काय झालं?"

सायराकानने पाण्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

त्या उन्हाळ्यात हॉस्पिटलात एक पेटी आली. छोट्या फ्रिजएवढी, परदेशी दानातून. ती वर ऑपरेशनच्या खोलीतच ठेवली. तुकडा आत ठेवायचा, झाकण लावायचं, लगेच चित्र, वळवून लगेच दुसरं, आणि सर्जन टेबलापासून न हलता बघतो. विजेचे रुसवे नाहीत, जिना नाही, व्हरांडा नाही. ऑपरेशनच्या वेळी सायराकानही आता वरच थांबायची. बाकावरच्या लोकांना आता कुणीच दिसत नसे. जिन्याच्या दाराकडे बघत बसायचे, बस्स.

कानिशायला तिने हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग आता बातमी कोण खातं?"

"कुणी नाही. डॉक्टर सांगतात, दोन्ही बघून."

"त्यांना काय देतात?"

"आभार मानतात."

"स्वस्त झालं की," कानिशाय म्हणाली आणि पाठीला हात लावून खाली बसली. उन्हाळाभर तिची पाठ दुखत होती. भट्टीपुढे वाकून दुखते, असं ती सगळ्यांना सांगायची. सायराकान त्या पाठीकडे बघायची आणि काही बोलायची नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिच्या तोंडात आता तो झाड होऊन उभा राहायला आला होता.

सामात पानगळीला आला. सोबत खोके भरून सामान, बायकोसाठी लाल कोट. कोट तिला मोठा झाला. त्यानेच तिला डॉक्टरांकडे नेलं, आईला न विचारता, आणि परत आल्यावर आईशी बोलला नाही. पाठीच्या फोटोत काय होतं ते सायराकानने पाहिलं होतं, तिनेच तो काढला होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली केली नाही. मग राजधानी, मग औषधं, मग केस गेले, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कानिशाय शेवटपर्यंत बोलत होती. सामातला म्हणायची, "बघ, निदान वरून अख्खी आहे." सामात उठून बाहेर जायचा.

जर्दाळूला फुलं यायच्या आधी ती गेली.

अंगणात नमद्याचा, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाचा, तंबू उभारला, तिला आत निजवलं. बाहेर पुरुष काठ्या टेकून रडायला उभे राहिले. आत धुवायला बायका निवडल्या: कानिशायची थोरली बहीण, मोहल्ल्यातली एक म्हातारी जी सगळ्यांना धुते, आणि जाऊ म्हणून सायराकान. धुणाऱ्या म्हातारीने हाताला पांढरं फडकं गुंडाळत तिच्याकडे पाहिलं.

"अंगठी काढ. धातू घालून मढ्याला हात लावत नाहीत."

अंगठी निघेना. म्हातारीने साबण दिला. सायराकानने बोट घोळलं, पिळलं, सांध्यावर कातडं सोललं आणि अंगठी निघाली. तिने ती पाण्याच्या सुरईच्या झाकणावर ठेवली.

बहीण पाणी ओतत होती. आधी उजवी बाजू, मग डावी. डाव्या छातीखाली वण होता, कोवळ्या चंद्राएवढा, नीट शिवलेला. काल्मुरात डॉक्टरांचा हात चांगला आहे. सायराकानने त्यावरून फडकं फिरवलं, हलक्या हाताने.

"आता मागची बाजू," म्हातारी म्हणाली. "कुशीवर वळव."

सायराकानने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि जावेला कुशीवर वळवलं. ती अगदी हलकी झाली होती. तिला तशी धरून ठेवून सायराकान थांबली. म्हातारीने फडकं पिळून घेतलं. अशा वेळी थांबणारी ती पहिली नसावी. मग बहिणीने पाणी ओतलं आणि सायराकानने पाठ धुतली, मणका मणका, बरगडी बरगडी.

धुऊन झाल्यावर तिने हात पुसले आणि सुरईपाशी गेली. झाकणावर अंगठी नव्हती. तिने खाली चटईवर पाहिलं, बादलीमागे पाहिलं.

धुणाऱ्यांना मेलेल्या माणसाचे कपडे द्यायचे असतात. उल्कान-आपा तंबूच्या दारातून आत आली, हातावर घड्या घेऊन. थोरल्या बहिणीला तिने शाल दिली. म्हातारीला गरम झगा आणि सपाता. मग ती सायराकानपुढे आली आणि लाल कोट पुढे केला. कोटाखालून तिचा उजवा हात दिसत होता. बोटात अंगठी होती, लाल खड्याची, खडा अजून साबणाने ओला.

दिलेली सुयुंचू परत घेतलेली आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. सायराकानने मान वर करून सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग आहे की काय आहे ते तिला वाचता आलं नाही, आणि एवढी वर्षं त्या घरात ती हे तोंड वाचण्याशिवाय दुसरं काहीच करत आलेली नव्हती.

तिने दोन्ही हातांनी कोट घेतला.

"बाहेर ये," सासू म्हणाली. "कणीक मळायची आहे. तिच्या नावाने तळायला तूच बस, तिच्यासारखं तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही."